जिभेवर दोनच प्रश्न येतात

४ मे, रविवार

इथल्या लायसन्सच्या परीक्षेची तारीख घेतली. सतरा जुलै.

मागच्या वेळी मी नापास झाले ते दातांमुळे नाही. दात काढणं, रूट कॅनाल, कवळ्या, हे सगळं हाताला माहीत होतं. मंडणगडच्या दवाखान्यात चार वर्षं तेच केलं. मार खाल्ला तो बेसिक सायन्सेसमध्ये. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी. पहिल्या वर्षी घोकलेलं आणि दुसऱ्या वर्षी विसरलेलं. कुठली नस कवटीच्या कुठल्या भोकातून बाहेर येते, हे मंडणगडमध्ये मला एकाही पेशंटने विचारलं नव्हतं.

तीन वेळा बसता येतं. एक संधी गेली. पण मी रिसेप्शनवर बसते त्या क्लिनिकच्या मॅनेजरला तीन वेळांशी देणंघेणं नाही. तो म्हणाला, जुलैत पास झालीस तर लायसन्स येताच डॉक्टर म्हणून घेऊ. नाही झालीस तर रिसेप्शनवर दुसरी मुलगी बघतो. म्हणजे माझा व्हिसाही खलास. पुन्हा गावी, बाणकोटला.

खैरुद्दीन मामूंना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तारीख घेतलीस, म्हणजे काम निम्मं झालं. यल्ला, चल, बस अभ्यासाला."

मामूंचं सगळं असं असतं. अम्मीचे ते थोरले भाऊ. इथे शारजात, रोल्लामध्ये टायपिंग सेंटरला बसतात, लोकांचे व्हिसाचे अर्ज टाइप करतात. उभी हयात तेच केलं. मामी गेल्यावर त्यांनीच अम्मीला फोन केला होता, "सुमैय्याला पाठव, इथे खोली रिकामी आहे." माझं नशीब की ती खोली तेव्हा रिकामी होती.

९ मे

आज मामूंवर चिडले. नको होतं चिडायला.

दुपारी ते एका माणसाला घेऊन घरी आले. गुणवंत म्हणून, बीडकडचा, साइटवर काम करतो. गाल हा सुजलेला. मामू म्हणाले, "जरा बघ गो याचा दात. दवाखान्यात जायला घाबरतो."

मी दारातच सांगितलं की बघणार नाही. इथे लायसन्स नसताना कोणाच्या तोंडात बोट घालायचं म्हणजे गुन्हा आहे. तो माणूस ओशाळून निघून गेला. मग मामूंना म्हटलं, "तुम्ही स्वतः लोकांचे कागद करता, तुम्हाला कायदा माहीत नाही? बाहेरच्यांना नाही, ओळखीच्यांना नाही, अगदी घरातल्यांनाही नाही. उद्या कोणी तक्रार केली तर मला परीक्षेला बसू देणार नाहीत."

ते एवढंच म्हणाले, "बराबर आहे तुझं." मग बाहेर जाऊन त्या गुणवंतला गाठून स्वतः टॅक्सीने दवाखान्यात घेऊन गेले.

संध्याकाळी माझ्याशी नेहमीसारखे बोलले, पण जरा जपून.

१८ मे

आमच्या दोघांच्या कामाला दुपारी मोठी सुट्टी असते. मी क्लिनिकमधून येते, ते सेंटरमधून. बाहेर ऊन एवढं की रोल्लातली कबुतरंसुद्धा एसीच्या डब्यांखाली बसतात. जेवून मी डायनिंग टेबलावर पसारा मांडते. आज मामू समोर येऊन बसले आणि माझी प्रश्नांची कार्डं उचलून म्हणाले, "मी विचारतो, तू सांग."

त्यांचं इंग्रजी अर्जांचं आहे. स्पेलिंग चोख, उच्चार स्वतःचे. हसू आलं, पण उपयोग झाला. मोठ्याने उत्तर दिलं की लक्षात राहतं.

फक्त ते सारखे जिभेचीच कार्डं काढत होते. जिभेला किती नसा. चव कोणती नस नेते. जिभेच्या कडेला जखम कशाने होते. मी म्हटलं, "मामू, जिभेवर दोनच प्रश्न येतात. मायक्रो विचारा, ते माझं कच्चं आहे."

"दोन तर दोन," म्हणाले. "दोन मार्कांनीच गेली होतीस ना?"

२७ मे

मनालीचा रिझल्ट आला, पास. ती सांगलीची, दुबईत अल मनखूलला राहते. दर शनिवारी आम्ही तिच्या घरी बसून एमसीक्यू सोडवायचो. आता तिला अबूधाबीला नोकरी मिळतेय. फोनवर म्हणाली, "तुझं पण होईल गं, इन्शाल्ला." मग तिच्या नवऱ्याने हाक मारली आणि तिने फोन ठेवला. ती पास झाली म्हणून मला वाईट वाटायचं कारण नाही. तरी वाटलं.

आता शनिवारीही घरीच.

स्वयंपाक मी करते. मामूंना तो आवडत नाही, हे आता उघडच दिसतंय. परवा तळलेले बोंबील ताटात तसेच ठेवले. काल म्हणाले मिरची कमी घाल. घातली. आज म्हणाले भात जरा मऊ कर. केला. मग दोन घास खाऊन उठले आणि चहात बिस्किट बुडवून खात बसले. पूर्वी चहा कढत लागायचा, आता तोही निववून पितात. मामीचा हात वेगळा होता, मला कबूल आहे. पण तसं तोंडावर सांगावं. असं ताट सरकवलेलं मला जास्त लागतं.

६ जून, बकरीद

नमाजनंतर मामूंचे दोन-तीन दोस्त येऊन गेले. मी सांदणं केली होती, अम्मीला फोनवर विचारून विचारून. मामूंनी चक्क तीन खाल्ली. मऊ आणि गोड, मग आवडणारच. मला फार बरं वाटलं.

टोरांटोहून अर्शचा व्हिडिओ कॉल आला. मामूंचा एकुलता एक. मामू मराठीत विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो. "अब्बू, यू लॉस्ट वेट?" मामू म्हणाले, "तुझी बहीण डॉक्टर आहे, डाएटवर ठेवलाय मला." अर्शने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मीही दाखवला.

फोननंतर मामू बराच वेळ बाल्कनीत उभे होते. ईदच्या दिवशी त्यांना मामीची आठवण येत असणार. मी मध्ये गेले नाही. मायक्रोचे दोन चॅप्टर झाले.

१५ जून

मामूंचा उजवा कान दुखतोय. आठवडा झाला म्हणे. मी आमच्या क्लिनिकच्या बाजूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं, कान स्वच्छ आहे म्हणाले, ड्रॉप्स दिले. मामूंचा औषधांवर विश्वास नाही. मला विचारतात, "कान चांगला असला तर मग दुखतो कशाने?" मी म्हटलं एसीचा गार वारा थेट डोक्यावर घेता म्हणून. सेंटरमध्ये त्यांची खुर्ची बरोबर एसीखाली आहे.

क्लिनिकमध्ये आज एक बाई आल्या, खालची दाढ दुखत होती. मला दुरूनच कळलं की त्रास वरच्या दाढेत आहे, कारण बोलताना त्या वरचा ओठ आवळत होत्या. मी काही बोलले नाही. नाव लिहून घेतलं, बसायला सांगितलं. आत डॉक्टरांना तेच कळायला अर्धा तास लागला. मला पहिल्यांदाच थोडा गर्व वाटला. माझी नजर अजून गेलेली नाही.

२४ जून

मॉक टेस्टमध्ये कमी पडले. रडले नाही, पण कार्डं भिरकावली.

नेमके तेव्हा मामू आले. कार्डं गोळा केली, पत्त्यांसारखी जुळवली आणि त्यातलं एक काढून वाचायला लागले. जिभेच्या कडेची लिम्फ कुठल्या गाठींत जाते. मी पटकन सांगितलं, जबड्याखालच्या, मग मानेतल्या. ते म्हणाले, "आणि तिथे गाठ लागली हाताला, तर त्याचा अर्थ काय?"

मी फटकन म्हटलं, "मामू, हे पॅथॉलॉजी आहे, ॲनाटॉमी नाही. आणि सारखं जीभ जीभ काय लावलंय? माझं आयुष्य अडकलंय इथे."

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "होय गो. चूक झाली." त्यांचं बोलणंही आजकाल जड येतं, दमल्यासारखं. या वयात इतके तास कशाला काम करतात, कोण जाणे.

२९ जून, रविवार

हे नीट लिहून ठेवते.

दुपारी एमसीक्यूचा सेट लावला होता. प्रश्न आला: साठीचा पुरुष, एका बाजूचा कान दुखतो, कान तपासला तर निरोगी. आता कुठे तपासाल? मी एका सेकंदात उत्तर दिलं. जिभेची कड. जिभेची नस आणि कानापाशी जाणारी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. दुखणं जिभेचं असतं आणि जाणवतं कानात. उत्तर बरोबर आलं. मी पुढच्या प्रश्नावर गेले. त्याच्याही पुढच्या.

मग थांबले.

मामू स्वयंपाकघरात उभे राहून गार पेज पीत होते. घोट डाव्या बाजूने घेत होते, मान कलती करून. किती दिवस मी हे बघत होते.

मी म्हटलं, "मामू, तोंड उघडा."

ते वाटी खाली ठेवून म्हणाले, "तुला परवानगी नाही."

"उघडा."

"घरातल्यांनाही नाही, असं म्हणालीस. तुझं खरं आहे. कागदावर तसंच असतं."

मी रडायला लागले. मग ते खुर्चीवर बसले आणि तोंड उघडलं. मी मोबाइलची बॅटरी लावली, क्लिनिकमधून आणलेले ग्लोव्ह्ज घातले, रुमालाने जीभ धरून डावीकडे ओढली. उजव्या कडेला मागे, तुटक्या दाढेसमोर, जखम. कडा वर आलेल्या. बोट लावलं तर खाली कडक, जसा मऊ भातात खडा. जबड्याखाली एक गाठ, वाटाण्याएवढी.

मी ग्लोव्ह्ज काढले. आधी तेच बोलले. "तुझ्या पुस्तकात फोटो आहे ना, तसंच दिसतं काय?"

"तुम्ही बघितलात?"

"तू ड्युटीवर गेलीस की वाचायचो. अर्धं कळत नव्हतं. म्हणून तुला विचारायचो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सतरा जुलैनंतर सांगणार होतो. आता तोंडावर आलीय परीक्षा. तू सगळं टाकून माझ्यामागे धावली असतीस." मग म्हणाले, "आणि भ्यायलोही होतो."

३० जून

रजा घेऊन त्यांना हॉस्पिटलात नेलं. सर्जन भला माणूस होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "आर यू मेडिकल?" मी म्हटलं, रिसेप्शनिस्ट. मामूंनी लगेच दुरुस्त केलं, "डेंटिस्ट. एक्झाम इन जुलाय."

तुकडा काढून तपासायला पाठवला.

८ जुलै

कॅन्सरच आहे. जखम लहान आहे, पण गाठीचं खात्रीने सांगता येत नाही. लवकर ऑपरेशन करा म्हणाले. जिभेचा काही भाग जाईल, मानेतल्या गाठीही काढतील. मामूंनी ठरवलं, मुंबईत करायचं. आजूबाजूला आपली माणसं असतील.

अर्शला मी फोन केला. तो म्हणाला, "यू आर अ डेंटिस्ट. यू लिव्ह विथ हिम. हाऊ डिड यू नॉट सी?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी मागे चाळून बघितलं, या वहीत. बोंबील, मिरची, मऊ भात, निवलेला चहा, कान, जड बोलणं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. आणि प्रत्येक ठिकाणी मी माझ्याबद्दलच लिहिलंय.

११ जुलै

आज भांडण झालं. मी म्हटलं परीक्षेची तारीख सोडते, मुंबईला तुमच्याबरोबर येते. मामूंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला.

"तू येऊन काय करणार? चाकू धरणार? तिथे मोठमोठे डॉक्टर आहेत, अर्श येतोय, तुझी अम्मी येतेय. इथे परीक्षेला कोण बसणार, मी?"

"मी नापासच होईन. डोक्यात काही जात नाही."

"मग नापास हो. पण जाऊन हो." नंतर हळू झाले. "माझ्यामुळे राहिलं, असं मला ऐकवू नये कोणी. ना तू, ना तुझी अम्मी. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. त्यांच्या बॅगेत कपडे भरले. मामीची शाल त्यांनी स्वतः आणून बॅगेत घातली आणि परत काढून कपाटात ठेवली. म्हणाले, मुंबईत कुठे थंडी.

१३ जुलै

काल ते मुंबईला गेले.

घरात एसीचा आवाज एवढा मोठा आहे हे माहीत नव्हतं. दुपारी कार्डं घेऊन बसले. उत्तर मोठ्याने द्यायची सवय झालीय, म्हणून दिलं. मग गप्प झाले. मग पुन्हा दिलं.

१७ जुलै

परीक्षा झाली. जिभेवर एकही प्रश्न आला नाही.

बाहेर आले तेव्हा सगळ्या मुली फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. मीही फोन कानाला लावला. अम्मीचा लागला नाही. तरी थोडा वेळ तसाच धरून उभी राहिले.

२२ जुलै

सकाळी ऑपरेशन झालं. मी रिसेप्शनवर होते. लोक येत होते, मी नावं लिहून घेत होते. एका बाईंचं नाव तीनदा विचारलं. दुपारी अर्शचा मेसेज आला: आऊट ऑफ थिएटर. स्टेबल. मॅनेजरला सांगून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि उभी राहिले.

३१ जुलै

रिझल्टची मेल आली. पास.

मी मेल दोनदा वाचली, बंद केली, मग पुन्हा उघडली. घरात सांगायला कोणी नव्हतं. खाली जाऊन ज्यूसवाल्या मलबारी चाचांना सांगितलं. त्यांनी ज्यूसचे पैसे घेतले नाहीत, पण कुठली परीक्षा ते त्यांना कळलं नसावं.

मग अर्शला फोन केला. त्याने फोन मामूंच्या कानाशी धरला. मामूंच्या नाकात नळी आहे, बोलता येत नाही. मी म्हटलं, "मामू, पास झाले." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, भरभर. मग अर्शचा आवाज आला. मराठीत बोलला. लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकलं मी त्याचं मराठी.

"ते रडतायत. तू... तू बरं केलंस. त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

मी म्हटलं, चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "ठीक आहे. चूक दोघांची राहू दे."

१२ ऑक्टोबर

लायसन्स हातात आलं. आज पहिल्यांदा कोट घालून आत गेले. रिसेप्शनवर फिलिपिना मुलगी आलीय नवीन. तिने मला "गुड मॉर्निंग डॉक्टर" म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं.

पहिले पेशंट नुसते दात साफ करायला आले होते. मी त्यांची जीभ रुमालात धरून दोन्हीकडून बघितली, जबड्याखाली बोटं फिरवली. ते म्हणाले, "डॉक्टर, ओन्ली क्लीनिंग." मी म्हटलं, एक मिनिट लागतं.

१९ नोव्हेंबर

मामू आले आहेत. आठवड्यासाठी, व्हिसा कॅन्सल करायला. रेडिएशनही संपलंय. डॉक्टर म्हणतात सध्या सगळं साफ आहे, पण तपासणीला येत राहावं लागेल. म्हणून आता बाणकोटलाच राहणार, अम्मीकडे.

निम्मे झालेत. मानेवर लांब व्रण. बोलतात, पण शब्दांच्या कडा गेल्यात. "स" येत नाही. मला हाक मारताना आधी नुसती हवा येते, मग "उमैय्या". मला समजतं बहुतेक सगळं. समजलं नाही तर मी परत विचारते, तेही परत सांगतात.

आज त्यांच्याबरोबर सेंटरला गेले. नागेश म्हणून एक मुलगा त्यांच्या खुर्चीवर बसतो आता. तो उठून म्हणाला, "अंकल, बसा, मी करून देतो." मामूंनी त्याला हाताने बाजूला केलं, चष्मा लावला आणि स्वतःच्या व्हिसाचा कॅन्सलेशन अर्ज स्वतः टाइप केला. आयुष्यभर हजारो लोकांचे केले असतील. एकदाही थांबले नाहीत. शेवटी प्रिंट काढून नेहमीच्या सवयीने वरपासून खालपर्यंत तपासला, आणि नागेशला जड जिभेने म्हणाले, "फी घे." नागेश घेईना. मामूंनी टेबलावर ठेवली.

२५ नोव्हेंबर

आज पोचवलं त्यांना शारजा विमानतळावर.

फ्लॅटचा भाडेकरार आता माझ्या नावावर झालाय. ते म्हणाले, दुसरी कोणी मुलगी ठेव सोबतीला. मी हो म्हटलं. ठेवीन कधीतरी.

आत जाताना ते रांगेतून मागे वळले आणि मला काहीतरी सांगितलं. मधे एक मोठं कुटुंब होतं, मुलं रडत होती, अनाउन्समेंट चालू होती. मला अक्षरही कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, हात वर करून. तरी नाही कळलं. मागचे लोक त्यांना पुढे ढकलत होते. म्हणून मी जोरजोरात मान हलवली, हो हो म्हणून. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. गेले.

बसमध्ये तेच आठवत होते. ओठ कसे हलले, कुठलं अक्षर असेल. काही मोठं सांगितलं असेल का. रात्री फोन करून विचारता येईल, पण विचारणार नाही. मामू घरातून निघताना रोज एकच सांगायचे, गॅस बघ. बहुतेक तेच असेल.

घरी आल्यावर चप्पल न काढता आधी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता.